वाईट बातमी आधी सांगणारी टीम

तुमच्या ऑफिसात काही बिघडलं, तर ते तुम्हाला किती वेळाने कळतं? दहा मिनिटांनी, संध्याकाळी, की थेट ग्राहकाचा चिडलेला फोन आल्यावर? या एका प्रश्नाचं खरं उत्तर द्या, तुमची टीम कशी आहे ते मी ऑफिस न बघता सांगेन.

घराचंही तसंच असतं. एका घरात लोणच्याच्या बरणीत चुकून ओला चमचा जातो आणि सून तिथल्या तिथे सांगते, "आई, वर बुरशी दिसतेय, बघता का?" बरणीचं काय करायचं ते त्याच दिवशी ठरतं. दुसऱ्या घरात तीच बरणी गुपचूप मागच्या फळीवर जाते आणि ऐन पावसाळ्यात, पाहुणे जेवायला बसले असताना उघडली जाते. दोन्ही घरांतल्या सुना सारख्याच हुशार आणि सारख्याच कामसू. फरक आहे तो सांगितल्यावर पुढे काय होतं याचा.

टीम बांधायची म्हटलं की आपल्याकडे आधी सहल ठरते. एका रंगाचे टी-शर्ट, दोरीखेच, अंताक्षरी, निघताना ग्रुप फोटो. माझा त्याला अजिबात विरोध नाही, मीही हौसेने जाते. पण दोरीखेचीत एकत्र ओरडलेली माणसं सोमवारी सकाळी एकमेकांपासून चूक लपवत असतील, तर ती टीम नाही, एका छपराखाली काम करणारी माणसं आहेत. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. मी इंदूरमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबचं रोजचं कामकाज बघते. मुख्य लॅब, तीन कलेक्शन सेंटर आणि 22 माणसं, एवढा आमचा पसारा.

लॅबचं काम बाहेरून सोपं वाटतं. रक्त काढायचं, मशीनला लावायचं, रिपोर्ट छापायचा. प्रत्यक्षात एका रिपोर्टला पाच-सहा हात लागतात. रिसेप्शनवरची मुलगी नाव आणि तपासण्या टाकते, बारकोड निघतो, कलेक्शनवाला रक्त घेतो, रायडर थंड पेटीतून सॅम्पल आणतो, टेक्निशियन मशीन चालवतो आणि शेवटी पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर सही करतात. यातला कुठलाही एक हात चुकला तरी छापलेला कागद तितकाच सुबक दिसतो. म्हणूनच इथे चूक झाल्याचं कळणं हे चूक न होण्याइतकंच महत्त्वाचं असतं.

मी इथे रुजू झाले तेव्हा एक नियम आधीपासून चालत आला होता. सॅम्पल खराब निघालं, कमी पडलं किंवा गुठळी झाली आणि पेशंटचं रक्त पुन्हा घ्यावं लागलं, तर ज्याने ते घेतलं त्याच्या पगारातून 100 रुपये कापायचे. नियम करणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. माणसं काळजीपूर्वक काम करतील, पेशंटला पुन्हा सुई टोचावी लागणार नाही, असा साधा हिशोब होता. रजिस्टर बघितलं तर महिन्याला दोन-तीनच रिपीट. कागदावर लॅब अगदी छान चालली होती.

तिसऱ्याच आठवड्यात सत्तरी ओलांडलेल्या एका आजींचा रिपोर्ट मशीनवरून आला. पोटॅशियम 9 च्या वर आणि कॅल्शियम जेमतेम 3. रक्तातलं पोटॅशियम साधारण 3.5 ते 5 च्या आसपास असतं आणि कॅल्शियम 8.5 ते 10.5 च्या दरम्यान. पोटॅशियम इतकं वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, माणूस दगावू शकतो. आमच्या डॉक्टर मॅडमनी सही करायच्या आधी आजींच्या घरी फोन लावला. फोन आजोबांनी उचलला. म्हणाले, "ती ना? ती टीव्ही बघत मटार सोलतेय."

मॅडमच्या लक्षात आलं. रक्ताच्या ट्यूबची झाकणं वेगवेगळ्या रंगांची असतात हे तुम्ही पाहिलं असेल. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए नावाचं रसायन असतं, आणि ते बहुतेक वेळा पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं. त्या ट्यूबमधलं थोडं रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतलं, तर त्या रसायनातलं पोटॅशियमही सोबत जातं आणि आकडा भलताच वाढलेला दिसतो. ईडीटीए कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणून तो आकडा कोसळतो. एक वर, एक खाली, अशी जोडी दिसली की जाणकाराला शंका येते. पण सही करणारी व्यक्ती घाईत असती तर? आजींना त्याच दुपारी दवाखान्यात हलवलं असतं, पोटॅशियम उतरवायची औषधं दिली असती, आणि मुळात नीट असलेलं पोटॅशियम खरोखरच खाली गेलं असतं.

ज्या मुलाने घरी जाऊन रक्त घेतलं होतं त्याला मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. मीही होते. माझी खात्री होती की आता आरडाओरडा होणार. त्यांनी दार लावलं, त्याला बसायला सांगितलं आणि विचारलं, "आजींची नस मिळत नव्हती का?"

तुम्ही हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. त्यांनी "काय केलंस?" असं विचारलं नाही, "कसं झालं असेल?" ते आधी मनात मांडून पाहिलं. मुलगा आधी नाही म्हणाला, मग थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "दीदी, खून कम आया था." दोनदा सुई टोचून झाली होती. आजींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या महिन्यात त्याचे आधीच दोन रिपीट झाले होते आणि तिसऱ्याचे 100 रुपये जाणार होते. जांभळ्या ट्यूबमध्ये रक्त थोडं जास्त होतं, ते त्याने दुसरीत ओतलं. रंग तोच, रक्त तेच, कुणाला काय कळणार?

आजींचं रक्त पुन्हा घेतलं, आकडे नीट आले. मला त्या रात्री झोप लागली नाही ती वेगळ्याच कारणाने. संध्याकाळी रिसेप्शनवरची मुलगी आवराआवर करताना सहज बोलून गेली होती, "मॅडम, वो तो सभी करते हैं." म्हणजे खालच्या मजल्यावर सगळ्यांना माहीत होतं. वरच्या मजल्यावर, जिथे रजिस्टर ठेवलं होतं, तिथे कुणालाच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना भेटले आणि दंड बंद करा म्हणाले. ते म्हणाले, "मग शिस्त कशी राहणार?" प्रश्न गैर नव्हता. मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. एक कायद्याची. 1936 सालच्या पगारविषयक कायद्यापासूनच आपल्याकडे मनाला येईल तसा दंड कापता येत नाही. कशाकशासाठी दंड हे आधी मंजूर करून घ्यावं लागतं, माणसाला त्याची बाजू मांडू द्यावी लागते आणि एका महिन्याचा एकूण दंड पगाराच्या 3 टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. तुमच्याही ऑफिसात "लेट मार्कचे इतके, चुकीचे तितके" असं चालत असेल, तर एकदा तपासून बघा. दुसरी गोष्ट हिशोबाची होती. "सर, आपण 100 रुपये कापत नाही आहोत. आपण त्या मुलाला गप्प बसायचे 100 रुपये देतोय."

त्यांनी तीन महिन्यांची मुदत दिली. मी नवं रजिस्टर घातलं. त्यात तीनच रकाने होते: काय झालं, केव्हा लक्षात आलं, कुणाला सांगितलं. नावाचा रकानाच ठेवला नाही.

पहिल्या महिन्यात नोंदी आल्या 21.

मालकांनी ते पान माझ्यासमोर ठेवलं. "तुम्ही आल्यापासून चुका सातपट झाल्या." बाहेर काचेपलीकडे तो मुलगा थंड पेटी पुसत उभा होता आणि आत काय चाललंय ते त्याला नक्की कळत होतं. त्या दिवशी माझी नोकरी जाते की त्याची, असा प्रसंग होता. मला वाचवलं ते डॉक्टर मॅडमनी आदल्या आठवड्यात चहा घेताना सांगितलेल्या एका गोष्टीने.

अमेरिकेत हार्वर्डमध्ये एमी एडमंडसन नावाच्या संशोधक आहेत. 1990 च्या दशकात, विद्यार्थिनी असताना, त्या रुग्णालयातल्या वॉर्डांच्या टीम आणि औषधं देताना होणाऱ्या चुका यांचा अभ्यास करत होत्या. त्यांची अपेक्षा अगदी तुमच्या-माझ्यासारखीच होती: जिथे टीम चांगली, तिथे चुका कमी. आकडे आले ते उलटे. चांगल्या टीममध्ये चुका जास्त दिसत होत्या. आता चांगल्या नर्स जास्त चुका करतात, हे कसं पटावं? खोलात गेल्यावर त्यांना उलगडा झाला तो असा की या टीम चुका जास्त करत नव्हत्या, जास्त सांगत होत्या. जिथे मुख्य नर्सची दहशत होती तिथे नोंदी कमी होत्या, चुका नव्हे. या मोकळेपणाला पुढे त्यांनी मानसिक सुरक्षितता म्हटलं आणि 1999 मध्ये त्यावरचा त्यांचा गाजलेला शोधनिबंध आला. मोकळं बोललं तर आपला अपमान होणार नाही, आपल्याला शिक्षा होणार नाही, ही खात्री, इतकाच त्याचा अर्थ. गूगलने 2012 पासून आपल्या 180 टीम तपासल्या, सगळ्यात चांगली टीम कशाने होते ते शोधायला. हुशार माणसं एकत्र आणली की झालं, असं निघालं नाही. तिथेही यादीत सगळ्यात वर हीच गोष्ट आली.

मी मालकांना म्हटलं, "सर, या 21 आधीही होत्या. फक्त त्या रजिस्टरमध्ये नव्हत्या, पेशंटच्या रिपोर्टमध्ये होत्या." त्यांना ते लगेच पटलं असं नाही. त्यांनी पान मिटलं आणि म्हणाले, "अजून दोन महिने आहेत तुमचे."

त्या नोंदींनी आम्हाला जे दाखवलं ते दंडाच्या रजिस्टरने कधीच दाखवलं नसतं. निम्म्याहून जास्त रिपीट एकाच सेंटरचे होते आणि सकाळी सात ते नऊ, उपाशीपोटी येणाऱ्यांच्या गर्दीतले होते. जाऊन बघितलं तर तिथल्या खुर्चीला हात टेकायला दांडाच नव्हता आणि दिवा पाठीमागे होता, त्यामुळे रक्त घेणाऱ्याची सावली नेमकी पेशंटच्या हातावर पडायची. खुर्ची बदलली, दिवा समोर घेतला. दुसरा घोळ सारख्या नावांचा होता. "तुम्ही शर्माजी ना?" असं विचारलं की अर्धवट झोपेतला माणूस हो म्हणून टाकतो. आता आमच्याकडे पेशंटला विचारतात, "तुमचं पूर्ण नाव सांगा," आणि मग ते बारकोडवरच्या नावाशी ताडून बघतात. जगभरातल्या लॅब हेच शिकवतात. आमच्याही भिंतीवर ते लिहिलेलं होतं म्हणा, पण कुणी पाळत नाही हे सांगणारं कुणी नव्हतं.

एक वेगळीच गोष्टही वर आली. लोक चुकांबद्दल बोलायला लागले, तसे बाकीचंही बोलायला लागले. रिसेप्शनवरच्या मुलीने एक दिवस सांगितलं की एका पेशंटचा नातेवाईक रिपोर्टच्या निमित्ताने तिचा नंबर घेऊन गेला आणि गेले दोन महिने रात्री फोन करतोय. दोन महिने! ती रोज माझ्यासमोर बसत होती. त्याच दिवशी रिसेप्शनसाठी लॅबचा वेगळा फोन आणला, कुणाचाही खासगी नंबर पेशंटला द्यायचा नाही असं ठरलं आणि त्या गृहस्थांना मालकांनी स्वतः फोन केला. तुमच्या हाताखाली मुली काम करत असतील, तर याकडे जरूर लक्ष द्या. छोटी चूक सांगायला घाबरणारी मुलगी अशी मोठी गोष्ट कधीच सांगणार नाही.

रोज सकाळी साडेअकराला, गर्दी ओसरल्यावर, आम्ही दहा मिनिटं उभ्यानेच भेटायला लागलो. इंदूर आहे, त्यामुळे पोहे असतातच. "आज कुठे अडलं?" एवढाच प्रश्न. पहिले कितीतरी दिवस सगळे पोह्यांतली शेव निवडत बसायचे, कुणी तोंड उघडेना. ती कोंडी फोडली डॉक्टर मॅडमनी. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एक स्लाइड आपण घाईत कशी चुकीची वाचली आणि आपल्या वरिष्ठांनी ती वेळेत कशी पकडली, हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, रायडरसमोरसुद्धा. सगळ्यात मोठ्या खुर्चीवरचं माणूस आधी बोललं. दुसऱ्या दिवशी दोन जण बोलले.

वरच्या माणसाने काय करायचं असतं, याचं आपल्याच देशातलं उदाहरण डॉ. कलाम नेहमी सांगायचे. 10 ऑगस्ट 1979 ला श्रीहरिकोटाहून एसएलव्ही-3 हे रॉकेट पहिल्यांदा उडालं, तेव्हा कलाम प्रकल्प संचालक होते. उड्डाणाच्या काही मिनिटं आधी संगणकाने थांबायचा इशारा दिला होता. तज्ज्ञांशी बोलून, काही अडचण येणार नाही असं मानून, त्यांनी उड्डाण पुढे नेलं. दुसऱ्या टप्प्यात बिघाड झाला आणि रॉकेट बंगालच्या उपसागरात कोसळलं. पत्रकार परिषद होती. इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः समोर गेले, अपयशाची जबाबदारी त्यांनी आपल्याकडे घेतली आणि माझ्या टीमवर माझा विश्वास आहे असं सांगितलं. 18 जुलै 1980 ला त्याच टीमने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. त्या दिवशी पत्रकारांसमोर जायला धवन यांनी कलामांना सांगितलं. बहुतेक ऑफिसांत नेमकं उलट होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. यश आलं की साहेबांचा ईमेल आणि अपयश आलं की खालच्याला कारणे दाखवा नोटीस.

या गोष्टीतली धवन यांची बाजू सगळे सांगतात. मला त्यातला संगणकाचा इशाराही तितकाच महत्त्वाचा वाटतो. इशारा मिळणं ही अर्धीच गोष्ट. तो मिळाल्यावर थांबायची तयारी हवी. जपानच्या टोयोटा कारखान्यात कामगारांच्या डोक्यावरून एक दोरी गेलेली असायची. काही बिघडलंय असं वाटलं की कुठल्याही कामगाराने ती ओढायची. त्याचा प्रमुख लगेच तिथे येतो आणि ते जागच्या जागी सुटलं नाही तर अख्खी लाइन थांबते. आता त्या दोरीच्या जागी बरेच ठिकाणी बटणं आली आहेत, पण नियम तोच. दोरी लावणं सोपं आहे. ती ओढल्यावर प्रमुख कुठल्या चेहऱ्याने धावत येतो, यावर ती दुसऱ्यांदा ओढली जाणार की नाही ते ठरतं.

म्हणून मी स्वतःसाठी एक वाक्य ठरवून ठेवलंय. कुणीही काहीही बिघडल्याचं सांगायला आलं की पहिलं वाक्य, "बरं झालं सांगितलंस. पेशंट आत्ता कुठे आहे?" मग बाकीचं. राग येतोच. पण राग दुसऱ्या वाक्याला आला तर चालतो, पहिल्याला नाही. तुमच्या कामात पेशंट नसेल, तर ग्राहक असेल, माल असेल, विद्यार्थी असेल. ते वाक्य आजच ठरवा, कारण प्रसंग आला की सुचत नाही, तोंडातून जुनंच बाहेर पडतं.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे सगळ्यांना सगळं माफ? मुळीच नाही. त्याच वर्षी आमच्याकडे एका टेक्निशियनने मशीनचं सकाळचं क्यूसी, म्हणजे आकडे बरोबर येताहेत ना याची रोजची पडताळणी, न करताच केल्याची सही ठोकली. एकदा नाही, सलग चार दिवस. त्याला त्याच आठवड्यात निरोप दिला. सुई चुकणं ही चूक आहे. खोटी सही ही लबाडी आहे. हा फरक टीमला तुमच्यापेक्षा चांगला कळतो, आणि तुम्ही लबाडीला सांभाळून घेतलं तर प्रामाणिक माणसं सगळ्यात आधी गप्प होतात.

खरी कठीण गोष्ट मात्र आमच्या सीनियर टेक्निशियनची होती. सोळा वर्षांचा अनुभव, मशीनच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा माणूस. लबाडी औषधालाही नाही. पण जीभ? नवीन मुलीने काही विचारलं की "सर्टिफिकेट विकत घेतलंस का?" हे सगळ्यांसमोर. माझ्या लक्षात आलं की मुलं त्यांच्या शंका त्याची शिफ्ट संपेपर्यंत राखून ठेवतात. दुपारी दोनपर्यंत सॅम्पल तसंच पडून, का, तर सरांना कोण विचारणार! मी त्याच्याशी तीनदा बोलले. बाजूला घेऊन, मान ठेवून. वयाने माझ्याहून मोठा, म्हणून "दादा" म्हणून. पहिल्यांदा तो हसला, दुसऱ्यांदा रागावला, तिसऱ्यांदा म्हणाला, "आम्ही असेच शिकलो." शेवटी नवीन मुलांना शिकवायचं काम त्याच्याकडून काढून घेतलं, फक्त मशीनची जबाबदारी ठेवली. तीन महिन्यांनी तो दुसऱ्या लॅबमध्ये गेला. जाताना आमच्यातल्या एका चांगल्या मुलालाही घेऊन गेला.

पुढचे दोन महिने आम्ही मशीनच्या कंपनीला सारखे फोन करत होतो. तोटा झाला, तो मी नाकारत नाही. पण हुशार आणि धाकात ठेवणारा माणूस टीमला एकूण किती महाग पडतो, याचा हिशोब फार कमी जण करतात, कारण तो जे काम करतो ते दिसतं आणि त्याच्यामुळे जे विचारलं जात नाही ते दिसत नाही.

आणि हो, नुसतं गोड बोलून टीम बनत नाही. सकाळी सात ते नऊमध्ये एका मुलाला तीस पेशंट असतील, तर त्याला कितीही मोकळेपणा दिला तरी तो घाईच करणार. मुंबईच्या डबेवाल्यांचं आपण कौतुक करतो ते त्यांच्या वक्तशीरपणाचं. 1890 मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेलं हे काम आजही मुकादमाच्या हाताखालच्या छोट्या छोट्या गटांतून चालतं. गटाची कमाई गटात सारखी वाटली जाते, आणि गटात काही जादा माणसं ठेवलेली असतात. कुणी आजारी पडला, गावी गेला, लोकल चुकली, तर त्याचा डबा उचलायला कुणीतरी मोकळं असतं. हे जादा माणूस ठेवणं मालकांच्या गळी उतरवणं मला दंड बंद करण्यापेक्षा अवघड गेलं. "बसून पगार?" हा त्यांचा प्रश्न होता. आम्ही एक मुलगी घेतली, तिन्ही सेंटरची कामं येणारी. ती बसलेली मी अजून पाहिलेली नाही. दिवाळीत, मुलांच्या बोर्डाच्या परीक्षेत, कुणाच्या सासऱ्यांच्या ऑपरेशनला आता रजा मागताना कुणाचा आवाज कापत नाही, तो तिच्यामुळे.

तीन महिने संपले तेव्हा रजिस्टरमध्ये नोंदी 14 वर आल्या होत्या. रिपोर्ट पेशंटच्या हातात गेल्यावर आलेल्या तक्रारी मात्र त्या महिन्यात एकच. मालकांनी ते पान वाचलं, चष्मा काढला, आणि विषय बदलून नव्या सेंटरच्या भाड्याबद्दल बोलायला लागले. त्यालाच मी होकार समजले.

सगळं आलबेल झालंय असं समजू नका. संध्याकाळची शिफ्ट साडेअकराच्या भेटीला नसते आणि त्यांच्या नोंदी अजूनही संशयास्पद कमी असतात. त्यांच्यासाठी रात्री आठला वेगळी भेट ठेवून बघतेय. तिथे पोहे नाहीत, कचोरी आहे. तो मुलगा, आजींचं रक्त घेणारा, आता नव्या मुलांना नस कशी शोधायची ते शिकवतो. पहिल्याच दिवशी तो त्यांना जांभळ्या झाकणाची ट्यूब दाखवतो आणि स्वतःचीच गोष्ट सांगतो, कुणी न सांगता.

पगारपत्रकात "रिपीट कपात" हा रकाना मात्र अजून तसाच आहे. दर महिन्याला 22 जणांपुढे त्यात शून्य भरावं लागतं, नाहीतर सॉफ्टवेअर पुढे जाऊ देत नाही. तो काढायला मी सॉफ्टवेअरवाल्याला तीनदा सांगितलंय.